उजवीकडचं काळीज

मानवतच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. गर्भात डावं-उजवं कसं ठरतं, हा धडा मी पोरांना रांगेत उभं करून घ्यायची. प्रत्येकानं पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. पेशींचंही तसंच असतं. काही प्रथिनं पेशीच्या पुढच्या कडेला गोळा होतात, दुसऱ्यांना मागच्या कडेला रेटतात आणि शेजारच्या पेशीतल्या प्रथिनांना धरून ठेवतात. त्यामुळे पेशीला पुढं-मागं कळतं. तिच्यावरचा केसासारखा एकुलता तंतू मधोमध न राहता मागं सरकतो, तिरका गरगरतो आणि भोवतालचं पाणी डावीकडे ढकलतो. मग काळीजही डावीकडे वळतं.

पाचव्या महिन्यात सोनोग्राफी करताना परभणीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचं काळीज उजवीकडे दिसतंय. पोटातलं सगळंच उलट बसलं असेल तर बहुधा काळजी नाही. नुसतं काळीजच फिरलं असेल तर त्यात छिद्रं असू शकतात. पक्कं जन्मानंतरच कळेल.

मी भयंकर घाबरले. दिवस गेल्याचं ठाऊकही नव्हतं तेव्हा मी रोज एसटीत खड्ड्यांचे दणके खात होते. त्या दणक्यांनी प्रथिनांचे हात सुटले असतील, असं वाटायचं. असं काही नसतं, हे शिकवायचाच मला पगार मिळतो. तरी वाटायचं. त्या वर्षी तो धडा मी दुसऱ्या सरांच्या गळ्यात मारला.

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, काहीच सांगितलं नाही. 'सुनेची कूस उजवली' म्हणत त्यांनी अख्ख्या वालूर गावात पेढे वाटले होते. आता 'उजवली' हा शब्द निघाला की मी उठून आत जायचे. नवऱ्यालाही शपथ घातली.

मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी तिच्या काळजाची तपासणी होती. सकाळी आत्यांनी तिला मांडीवर घेतलं. त्यांचं आयुष्य मेंढरांत गेलेलं. नवं कोकरू हातात आलं की डाव्या बरगडीला बोटं लावून धडधड बघायची, ही त्यांची रीत. झोपलेल्या नातीलाही त्यांनी तसंच चाचपलं. बोटं थांबली. पुन्हा चाचपलं.

"आत्या, इकडं." मी त्यांचा हात उजवीकडे सरकवला आणि सगळं सांगून टाकलं. आता बोलणी खावी लागणार, असं धरूनच चालले होते.

त्यांनी बोटं तिथंच धडधडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "आन् भ्यायला मला संगं न्हाई घेतलंस व्हय?"

तपासणीला पोरीला त्याच घेऊन गेल्या, माझ्या नवऱ्याला हात लावू दिला नाही. मी खाटेवर पडून दाराकडे बघत राहिले.

आत्या परत आल्या. "सगळंच उलटं हाय म्हणं," त्या म्हणाल्या, "छिद्र एक बी न्हाई." पोरीला माझ्या कुशीत ठेवलं आणि तिथंच फरशीवर मटकन खाली बसल्या.