एकट्याची सीट

शेजारी गेटचं वेल्डिंग चालू आहे. जळत्या रंगाचा वास आला की कुरखेड्याजवळच्या आमच्या गावातलं अंगण आठवतं.

बाबांची गोठ्यात पडलेली मोटारसायकल मी तिथे कापून नव्याने बांधली होती. असं काम पहिल्यांदाच करत होतो. कॅरिअर काढलं, मागचा मडगार्ड कापला, फॅशनच्या गाड्यांसारखी सीट एकट्यापुरती ठेवली. वेल्डर सलीमभाऊंनी शेवटचा टाका मारला आणि गाडी सुरू झाली.

आवाज ऐकून माय धुतलेलं लुगडं नेसून, वाळल्या मोहफुलांचं गाठोडं घेऊन बाहेर आली. गाडी आपल्याला बाजारात न्यायला दुरुस्त होते आहे, असंच तिला वाटत होतं.

"मी कुठी बसू?"

"ही एकट्याचीच असते, माय."

"दोन महिने ठोकून राह्यला, अन् जागा कमीच केली काऊन?"

"टाकीवर बसव मायले," सलीमभाऊ हसले.

"राहू दे. मी पायी जातो," म्हणत ती निघालीसुद्धा.

मी तिच्याकडून गाठोडं घेतलं आणि टाकीवर ठेवलं. तेव्हा रस्त्यात कोण बघतंय याचीच लाज वाटत होती. आता फक्त शेजारून चालणारी माय दिसते. बाजार येईपर्यंत गाडी पहिल्या गिअरच्या वर गेली नाही.