मागास कोण ते तेवढं सांगा

आमच्या कॉलेजात मूल्यांकन समिती येणार असं कळलं आणि प्राचार्यांना आंतरराष्ट्रीय होण्याची घाई झाली. भिंतींना रंग लागला, जिथं बाग नव्हती तिथं कुंड्या आल्या, बंद पडलेल्या वाचनालयाला नवी पाटी मिळाली. तरी त्यांचं समाधान होईना. मला बोलावून ते म्हणाले, "मॅडम, सगळं झालंय. फक्त परदेश राहिलाय."

मी समाजशास्त्र शिकवते. आमच्याकडे हा विषय ज्यांना दुसरं काही मिळालं नाही ते घेतात, आणि शिकवणाऱ्यांचंही तसंच असावं असा प्राचार्यांचा अंदाज होता. त्यामुळे मला वेळच वेळ असणार हे त्यांनी गृहीत धरलं आणि परदेश आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

परदेश मिळाला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीमुळे. ती पुण्यात स्पॅनिश शिकली आणि तिथंच दुभाषी म्हणून काम करते. मातृभाषेतून शिकवणाऱ्या शिक्षकांचा एक मेळावा पुण्यात झाला होता. त्यातले दोन पाहुणे पुढं हैदराबादला निघाले होते आणि वाटेत दोन दिवस सोलापुरात थांबायला तयार होते. एक बाई पेरू देशाच्या डोंगराळ भागातल्या. घरी लोकरीसाठी अल्पाका पाळायच्या, आणि गावच्या शाळेत मुलांना केचुआ भाषेतून शिकवायच्या. दुसरे कॅनडाच्या उत्तरेकडच्या क्री समाजातले एक गृहस्थ, शाळेतून निवृत्त झालेले आणि आता पोरांना क्री भाषा शिकवणारे.

प्राचार्यांनी पाच मिनिटांत चर्चासत्राचं नाव ठरवलं: 'पेरू आणि क्री समाजांच्या सामाजिक-आर्थिक परिस्थितीचा तुलनात्मक अभ्यास'.

"सर, हे दोन समाज एकमेकांपासून फार लांब आहेत," मी म्हटलं.

"म्हणूनच तर तुलना. शेजारी असते तर कशाला केली असती?" ते म्हणाले. "आणि निष्कर्ष पाहिजे, मॅडम. नुसती चर्चा नको. दोघांत मागास कोण, ते तेवढं सांगा."

खरं तर त्यांचा निष्कर्ष तयारच होता. त्यांचा मुलगा टोरांटोला असतो. सर आणि त्यांच्या मिसेस तिथं एक उन्हाळा राहून आले होते, आणि तेव्हापासून कॅनडा हा विषय कॉलेजात त्यांच्याकडेच होता. कॅनडा पुढारलेला देश, तेव्हा क्री पुढारलेले. पेरूला त्यांच्या नात्यातलं कुणीच गेलेलं नव्हतं, तेव्हा पेरू मागास. आता पाहुण्यांनी येऊन हे सिद्ध करायचं, एवढंच बाकी होतं.

पाहुणे आले त्या दिवशी कॉलेजच्या गेस्ट हाऊसचा रंग ओला होता. तेव्हा त्यांची आणि माझ्या विद्यार्थिनीची सोय माझ्या घरी झाली. घरी मी आणि माझी आई. आमचं विणकरांचं तेलुगू घर, त्यामुळे आई म्हणजे अम्मा. अम्माला मराठी कळतं, पण तिला पाहिजे तेव्हाच.

नेमका तो आमच्या भागातला पाण्याचा दिवस होता. सोलापुरात पाणी रोज येत नाही. चार दिवस, पाच दिवस, कधी त्याहून जास्त थांबावं लागतं, आणि आलं की घरातलं सगळं सोडून माणसं भरायला धावतात. रिक्षातून पाहुणे उतरले तेव्हा मी साडीचा पदर खोचून पिंपं भरत होते. 'अतिथी देवो भव' असं लिहिलेला कॉलेजचा फलक एका हातात, दुसऱ्या हातात पाइप. क्री काकांनी बॅग भिंतीला टेकवली आणि काही न विचारता दुसरी घागर नळाखाली धरली. पेरूच्या बाईंनी जिन्यावरून बादल्या गच्चीत नेल्या. त्यांच्या गावाच्या वरच्या अंगाला खाण सुरू झाल्यापासून त्या लांबच्या झऱ्याचं पाणी आणतात, असं विद्यार्थिनीनं मला सांगितलं. नदी दारातून वाहते, पण तिला आता कुणी हात लावत नाही.

"हे पाणी प्यायचं?" काकांनी विचारलं.

"उकळून," मी जरा ओशाळून म्हटलं.

"मग घरच्यासारखंच आहे," ते म्हणाले.

त्यांचं गाव एका मोठ्या तळ्याच्या काठी आहे. घरोघरी नळ आहेत, आणि नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका ही सरकारी सूचनाही आहे. त्यांचे नातू त्या सूचनेसकट लहानाचे मोठे झाले. हे मी प्राचार्यांना फोनवर सांगितलं, तेव्हा ते हसले.

"कॅनडात? शक्य नाही. आम्ही तिथं नळाचंच पाणी पीत होतो. त्यांना विचारा, टोरांटोला कधी गेलेत का."

दुपारी जेवायला बसलो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, अम्माचा भात आणि पप्पु, म्हणजे आमचं तेलुगू वरण. पाहुणे आवडीनं जेवत होते. मी यजमानाच्या उत्साहात काकांना त्यांच्या गावच्या दवाखान्याविषयी विचारलं, आणि तिथंच बिनसलं.

काका म्हणाले, गावात नर्स आहे, डॉक्टर नाही. फार आजारी माणसाला विमानानं शहरात नेतात.

पेरूच्या बाईंनी घास खाली ठेवला. विद्यार्थिनी भाषांतर करत होती. आधी सावकाश करत होती, मग तिला सावकाश करता येईना.

"विमान?" बाई म्हणाल्या. "माझ्या गावातून आजारी माणसाला घोंगडीत घालून डोंगर उतरतात. आणि पुण्यात चार दिवस मी यांच्या तक्रारी ऐकतेय. सरकारनं घर दिलं तर म्हणे घराला बुरशी येते. शाळा दिली तर म्हणे शाळा गरम ठेवायचा गॅस नीट नाही. मला बुरशी चालेल. घर द्या."

काकांचा चेहरा तांबडा झाला. ते शांतपणे म्हणाले, "बाळंतपणाला आलेल्या बायकांनाही त्याच विमानात बसवतात. दिवस भरायच्या कितीतरी आधी. माझी बहीण शहरात एका खोलीत एकटी बसून होती. मूल झालं तेव्हा तिची भाषा समजणारं एक माणूस जवळ नव्हतं. आई नाही, नवरा नाही. परत आली तेव्हा ती कुणाशी बोलेना."

"माझी सगळी बाळंतपणं घरी झाली," बाई म्हणाल्या. "आई जवळ होती, सासू जवळ होती. दोन मुलं वाचली. एक नाही."

माझी विद्यार्थिनी शेवटचं वाक्य इंग्रजीत सांगून ताटाकडे बघत राहिली. प्राचार्यांना हवा होता तो तुलनात्मक अभ्यास माझ्या स्वयंपाकघरात पार पडला होता, आणि मला तो कुठंच नोंदवायचा नव्हता.

अम्मानं तेलुगूत विचारलं, "कशावरून भांडतायत?"

"कोणाचे हाल जास्त, यावरून," मी सांगितलं.

मला वाटलं, ती काही समजुतीचं बोलेल. पण अम्मा सरसावून बसली. तिला एवढी चांगली स्पर्धा दुरून बघवेना. गिरणी बंद पडली तेव्हाचं तिनं सुरू केलं. नवरा घरी बसलेला, मग ती दिवसभर विड्या वळायची. तंबाखूनं छाती भरून यायची, पानं ओली निघाली की अख्खी टोपली परत यायची. वर सासू वळलेल्या विड्या मोडून बघायची. सासूचा भाग तिनं फार रंगवला. मी तेलुगूचं इंग्रजी केलं, विद्यार्थिनीनं त्याचं स्पॅनिश. पेरूच्या बाईंनी सासू कोणत्या हातानं मोडायची असं विचारलं. त्यांच्या सासूबाई त्यांचं विणकाम उसवून बघायच्या म्हणे. काका म्हणाले, सासूच्या बाबतीत क्री समाज मागे पडला, त्यांची सासू फार चांगली होती. बाईंना हसू आवरेना. मग त्यांनी स्वतःहून काकांच्या ताटात भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी चर्चासत्र. सभागृह भरलेलं होतं, कारण हजेरी सक्तीची होती. पहिल्या रांगेत मात्र एक अनोळखी गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, मांडीवर हातरुमाल. ते माळशिरसहून स्वतःच्या गाडीनं आले होते. स्थानिक वर्तमानपत्रात आमची बातमी छापताना कुणीतरी 'पेरू समाज' ही चूक समजून दुरुस्त केली होती, आणि 'पेरूच्या आर्थिक परिस्थितीवर कॉलेजात परदेशी तज्ज्ञ' असं वाचून हे बागायतदार हजर झाले होते. समजल्यावर ते उठून गेले नाहीत. "आलोय तर ऐकतो की," म्हणाले. "परदेशी मानसं काय रोज बगायला मिळत्यात व्हय?"

प्राचार्यांनी प्रास्ताविकात कॅनडाची ओळख करून दिली. रस्ते, शिस्त, मुलाचं घर, घरामागचं गवत. कॅनडातून आलेला माणूस व्यासपीठावर बसून हे लक्षपूर्वक ऐकत होता. मग काकांनी बोलायला सुरुवात केली आणि आपल्या समाजाची सरकारदरबारी ओळख काय, हे दाखवायला खिशातून एक कार्ड काढलं. प्राचार्यांनी ते हातात घेतलं, चष्मा वर सरकवला आणि माइकवरच वाचलं. कॅनडा सरकारचा दाखला: धारक इंडियन आहे.

"हे इंडियन आहेत?" प्राचार्य मला म्हणाले. माइक चालूच होता. "मग व्हिसा कशाला काढला?"

सभागृह हसलं. काकांनाही विद्यार्थिनीनं सांगितलं तेव्हा हसू आलं. मग ते म्हणाले की कॅनडाचा कायदा तिथल्या मूळ रहिवाशांना अजून इंडियनच म्हणतो, आणि त्यांच्या आईकडे हे कार्ड कित्येक वर्षं नव्हतं. तिनं बिगर-इंडियन माणसाशी लग्न केलं, म्हणून कायद्यानं ती इंडियन राहिली नाही. भाषा तीच, मासे सुकवायची जागा तीच, पण कागदावर ती आता क्री नव्हती. तिला राखीव वस्तीत राहता येईना. वस्तीच्या हद्दीबाहेर, भावांची घरं दिसतील अशा जागी तिनं खोली बांधली. पुढं कायदा बदलला, तेव्हा तिला परत इंडियन करण्यात आलं. आईला आनंद झाला का, असं एका मुलीनं विचारलं. काका म्हणाले, "तिनं अर्ज भरताना मला विचारलं, मधली वर्षं मी कोण होते, ते कुठल्या रकान्यात लिहायचं?"

हे ऐकताना आतापर्यंत मोबाइलमध्ये असलेली पोरं वर बघायला लागली. मागून एकानं विचारलं, "सर, तुमची व्हॅलिडिटी झाली का?"

जात वैधता प्रमाणपत्रासाठी आजोबांच्या शाळेचा दाखला शोधत फिरलेली निम्मी मुलं त्या सभागृहात होती. त्यांना भाषांतराची गरज पडली नाही. कुणाकडे कोणते कागद मागितले, कोण तपासायला येतं, नातेवाईकाचं निघालं तर आपलं निघतं का, असे प्रश्न सुरू झाले. जगातल्या कुठल्याही परिषदेत काकांना इतके जाणकार श्रोते मिळाले नसतील.

पेरूच्या बाईंना विचारलं, तुमच्याकडे कोणतं कार्ड? त्या म्हणाल्या, "आमच्याकडे उलट झालं. मी जन्मायच्या आधी एका सरकारनं जाहीर केलं, आजपासून तुम्ही इंडियन नाही, शेतकरी. इंडियन ही शिवी झाली होती, म्हणून शब्द बदलला. शिवी देणारे तेच राहिले."

"म्हंजी पेरूवालं शेतकरीच हायती," माळशिरसचे बागायतदार समाधानानं म्हणाले. "मी आलो ते काय चुकीचं न्हाय."

समारोपाला प्राचार्य उभे राहिले. आपण आज खूप काही शिकलो, असं म्हणाले, आणि सुरुवातीला जे म्हणाले होते तेच पुन्हा म्हणाले. पाहुण्यांना शाल, श्रीफळ आणि सोलापुरी चादर देण्यात आली. पेरूच्या बाईंनी व्यासपीठावरच चादर उलटी करून मागची वीण तपासली. फोटो तेवढ्यातच निघाला.

पाहुणे हैदराबादला गेल्यावर मी अहवाल लिहिला. पाणी, विमान, बाळंतपण, काकांची आई, सगळं लिहिलं. प्राचार्यांनी तो दोन दिवस ठेवून घेतला, मग दार लावून मला समोर बसवलं.

"मॅडम, लिहिलंय छान. पण कॅनडाचं पाणी काढा. आणि ते बाईला इंडियनमधून काढलं, तेही काढा."

"पण सर, त्यांनी स्वतः सांगितलंय."

"सांगितलं असेल हो. पण सूनबाईंचे कागद तिकडं अडकलेत. कॉलेजच्या नावावर कॅनडाच्या सरकारविरुद्ध काही छापून आलं, आणि कुणी बघितलं तर?"

ओटावाला बसलेला अधिकारी सोलापूरच्या एका कॉलेजचा अहवाल मागवून घेतोय, हे दृश्य मी डोळ्यासमोर आणायचा प्रयत्न केला.

"आणि पेरूची खाण?" मी विचारलं.

"ती राहू द्या. पेरूला आपलं कोणी नाही."

अशा रीतीनं निष्कर्ष निघाला. शास्त्रशुद्ध. मी म्हटलं, मग माझं नाव काढा. ते लगेच म्हणाले, "हरकत नाही." त्या जागी त्यांचं नाव आलं. समितीनं फाइल उघडली, चादर उलटी धरलेल्या परदेशी बाईंचा फोटो बघितला, आणि आंतरराष्ट्रीय सहकार्याबद्दल चांगला शेरा दिला. अहवाल कुणी वाचला नाही, त्यामुळे पेरू देशाचंही काही नुकसान झालं नाही.

मूळ अहवाल मी विद्यार्थिनीला पाठवला. तिनं तो काकांना इंग्रजीत आणि बाईंना स्पॅनिशमध्ये समजावला. काकांनी एकच दुरुस्ती सुचवली: त्यांच्या सासूचं मी लिहायला विसरले होते. पेरूच्या बाईंनी मला काहीच कळवलं नाही, पण अम्माला केचुआतून एक लांबलचक आवाजी संदेश पाठवला. अम्मानं तो पुन्हा पुन्हा ऐकला आणि तेलुगूतून उत्तर धाडलं: गुडघा, डॉक्टर, शेजारणीची सून. आता हे नेहमीचं झालंय. दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नाही. मी एकदा म्हटलं, विद्यार्थिनीकडून भाषांतर करून घेऊ. अम्मा म्हणाली, "नको. तिला माझं सगळं सांगून झालंय. आता कळलं तर लाज वाटेल."