बॅटरीला पाजलेलं पाणी

चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा आंबट वास आला की आजही माझी मान खाली जाते.

इंग्रज जायच्या आधी बोदलकसाच्या तलावावर ठेकेदाराची मोटारबोट होती आणि बॅटरीतलं सगळं कळतं असा आव आणणारा मी होतो. गोंदियाचा मिस्त्री म्हणाला होता, "पानी डालते रहना." मी तांब्यानं तलावाचंच पाणी ओतत राहिलो. चार दिवसांत बॅटरी मेली, बोट बंद.

"कोणी टाकलं हे पाणी?" ठेकेदारानं विचारलं.

एक बोट बंद पडली होती, माझं दुसरं बोट मात्र लगेच नावाडी सोमाजीकडे वळलं. त्याला तिथंच कामावरून काढलं. तो भांडला नाही. निघताना मला एवढंच म्हणाला, "बाबू, तुले तं समजते. तलावाच्या पाण्यानं बॅटरी काऊन मरते, सांगून दे."

मला तेही सांगता आलं नाही.