तिब्बल सर आणि कपारीतलं पिल्लू

आमचे तिब्बल सर कुठलाही फोटो एकदा काढून थांबायचे नाहीत. हर्सूलच्या तलावावर बगळा दिसला की ते ट्रायपॉड रोवायचे, श्वास रोखायचे आणि खट्. मग कॅमेऱ्याची चकती थोडी फिरवून पुन्हा खट्. पुन्हा चकती, पुन्हा खट्. नवे कॅमेरे हे काम एका दमात करतात, पण सरांचा कॅमेरा जुना होता आणि त्यांना तो बदलायचा नव्हता. कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे. त्यांचं खरं नाव वेळापत्रकावर होतं, पण या तीन-तीन खट्मुळे मुलांच्या तोंडी तिब्बल सरच. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

त्यांची विद्या त्यांनी आम्हाला पहिल्याच सहलीत समजावली होती. पक्षी झाडाच्या सावलीत बसलेला असतो आणि मागचं आभाळ लख्ख असतं. आपल्या डोळ्याला दोन्ही दिसतं. कॅमेऱ्याचं तसं नाही. आभाळ नीट घ्यावं तर पक्षी काळा ठिक्कर, पक्षी नीट घ्यावा तर आभाळ पांढरंफट्ट. म्हणून एक फोटो उन्हासाठी, एक सावलीसाठी आणि एक मधला घ्यायचा, आणि संगणकावर तिघांतलं चांगलं चांगलं उचलून एक फोटो करायचा. याला एचडीआर म्हणतात. "कॅमेऱ्याला एका वेळी एकच दिसतं," सर म्हणायचे, "म्हणून त्याला तीनदा विचारायचं."

शहरातली फोटोवाली मंडळी यावर त्यांची फार चेष्टा करायची. डोंगर, देऊळ यांचे असे फोटो ठीक आहेत, पण जनावर कशाला थांबतंय? "सर, तुमच्या दुसऱ्या खट्पर्यंत हरीण कन्नडला पोचतं," असं एकजण नेहमी म्हणे. सर शांतपणे सांगत, "पोचू द्या. जे बसतं ते माझं." त्यामुळे त्यांच्याकडे धावणारं, उडणारं काहीच नव्हतं. सगळे बसलेले पक्षी, उन्हं खात पडलेली कासवं आणि झोपलेली वटवाघळं.

माणसांनाही ते तीनदाच विचारायचे. मी वैजापूरजवळच्या खेड्यातून आलेली. वडील बाजार समितीत कांद्याच्या गोण्या वाहायचे आणि आमच्या घरातून कॉलेजात पाय टाकणारी मी पहिलीच. माझी चप्पल, माझं बोलणं, माझा डबा, सगळ्याचीच मला लाज वाटे. सर मला नावानं हाक मारत नसत. "काय गं वैजापूर, जेवलीस का?" हो सर. "खरंच जेवलीस?" हो सर. "काय जेवलीस?" इथं मी अडकायची. मग ते आपल्या डब्यातली पोळी माझ्यासमोर सरकवायचे. मी शिकले त्यात त्या तिसऱ्या प्रश्नाचा वाटा मोठा आहे.

दुसऱ्या वर्षाला असताना सर आम्हा चौघांना दौलताबादला घेऊन गेले. किल्ल्याच्या खंदकापलीकडच्या कड्यात एका कपारीत शृंगी घुबडाची मादी बसली होती. अर्ध्या कपारीत सकाळचं ऊन होतं, अर्ध्या कपारीत काळोख. मादी दगडासारखी स्थिर. सरांसाठी याहून चांगला देखावा कुठला? त्यांनी लांबूनच ट्रायपॉड लावला आणि त्यांचे तीन खट् सुरू झाले. माझ्याकडे दुर्बीण होती. काळोख्या कोपऱ्यात एक पिल्लू मला दिसलं. सर मान खाली घालून चकती फिरवत होते, तेवढ्यात ते पिल्लू डुलत डुलत आईच्या मागे गेलं, आणि दुसऱ्या खट्नंतर पलीकडून निघून उन्हाच्या कडेला येऊन बसलं. मला हसू आलं. सरांनी तिसरा खट् केला.

आठवड्यानं तो फोटो संगणकावर जुळून तयार झाला. मधे मादी, डावीकडे सावलीत एक पिल्लू, उजवीकडे उन्हात एक पिल्लू. सरांनी त्याला नाव दिलं 'जुळी'. फोटोमंडळींच्या बैठकीत तो दाखवला तेव्हा रोज चेष्टा करणारेही वाहवा करू लागले. मी मागे उभी होते. मला वाटलं, सांगायला हवं. मी म्हणाले, "सर, पिल्लू एकच होतं. ते चालत इकडून तिकडं गेलं."

सर आनंदात होते. ते वळून म्हणाले, "वैजापूर, दुर्बीण उलटी धरली होतीस काय?"

सगळे हसले. मीही हसले. खोलीवर आल्यावर मी स्वतःला समजावलं की फोटोत दोन आहेत म्हणजे दोनच असणार, आपल्यालाच बघता येत नाही. फोटोचं इतकं कौतुक चाललेलं असताना आपण तोंड उघडलं, याचीच मला पुढं कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

'जुळी'ला शहरातल्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. समारंभात आभार मानण्याचं काम सरांनी हट्टानं मला दिलं. मी भाषण पाठ केलं आणि वडिलांना निरोप धाडला. ते कामाचा दिवस सोडून येणार होते.

समारंभाच्या आदल्या दिवशी सर प्रयोगशाळेत आम्हाला तीन फोटोंचा एक कसा होतो ते दाखवायला बसले. भिंतीवर पहिला फोटो आला, सावलीसाठी घेतलेला. डावीकडे पिल्लू, उजवी बाजू उन्हानं पांढरी झालेली. शेवटचा आला, उन्हासाठी घेतलेला. उजवीकडे पिल्लू, डावी बाजू काळी. मग मधला. त्यात दोन्ही कोपरे नीट दिसत होते आणि दोन्ही रिकामे होते. मादीच्या पाठीमागून एक पांढुरकं डोकं तेवढं बाहेर आलं होतं.

संगणकानं सावली एका फोटोतून घेतली होती, ऊन दुसऱ्यातून, आणि एका पिल्लाची दोन केली होती. हलणाऱ्या जिवावर हे करायचं नाही, हा सरांचाच नियम. आई हलत नव्हती म्हणून त्यांनी पिल्लाकडे पाहिलंच नव्हतं. माझा वर्गमित्र हळूच म्हणाला, "सर, कुणाला कळणारंय?" सरांनी प्रोजेक्टर बंद केला. जाताना मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांनी मान वळवली.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. वडील पांढरा सदरा घालून शेवटच्या रांगेत बसले होते. बक्षीस घ्यायला सरांना बोलावलं तेव्हा ते ध्वनिक्षेपकापाशी गेले. त्यांचे कान लाल झाले होते आणि हात खिशात होते. चित्रात जुळी नाहीत, पिल्लू एकच आहे, असं त्यांनी सांगितलं आणि ते कसं घडलं तेही सोप्या शब्दांत सांगितलं. बक्षीस मी घेऊ शकत नाही, म्हणाले. मागे कुणीतरी फसकन हसलं. सर थांबले. मग त्यांनी माझं पूर्ण नाव घेतलं. त्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकत होते.

"या मुलीनं पिल्लू चालताना पाहिलं होतं. तिनं मला सांगितलं आणि मी चारचौघांत तिला हसलो. कॅमेऱ्याला मी तीनदा विचारलं. हिला एकदाही विचारलं नाही. मला लाज वाटते."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. त्या क्षणी माझ्या मनात अभिमान नव्हता, कृतज्ञताही नव्हती. सरांनी गप्प बसावं, वडिलांसमोर माझं नाव या लाजिरवाण्या प्रकारात घेऊ नये, एवढंच मला वाटत होतं. आभाराचं भाषण मी साफ विसरले. 'सगळ्यांचे आभार' म्हणून खाली बसले.

मी वडिलांबरोबर बसस्थानकाकडे चालत होते. त्यांना फोटोचं काही समजलं नसेल असं मला वाटलं, म्हणून मी सांगू लागले. ते म्हणाले, "समजलं की. आम्हाला जिंदगीत लई मोठी मानसं हसली, बाई. माघारी येऊन माफी मागनारा आज बघितला." मग रुमालानं डोळे पुसून बसमध्ये चढले.

सरांना त्याची किंमत मोजावी लागली. प्रदर्शनांना परीक्षक म्हणून त्यांना बोलावणं बंद झालं. फोटोमंडळी त्यांना 'जुळे सर' म्हणू लागली आणि सर बैठकांना जाईनासे झाले. प्रयोगशाळेच्या भिंतीवर त्यांनी ते तीन फोटो वेगवेगळे लावले आणि दर वर्षी नव्या मुलांना आपली चूक बोट ठेवून दाखवली. तरी ती लाज त्यांच्या अंगातून गेली नाही. वेरूळच्या सहलीला बस दौलताबादवरून जायची, तेव्हा सर दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत बसायचे.

आता मी शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या साध्या फोनमध्येही ते तीन फोटो आपोआप एक होतात, काढणाऱ्याला कळतसुद्धा नाही. वर्गात एखादी मुलगी चाचरत काही वेगळं सांगू लागली की माझ्या ओठांवर चटकन एक विनोद येतो. तो मी गिळते. कधी कधी गिळायला उशीर होतो. मग मी तिच्याकडे परत जाते, आणि माझेही कान गरम झालेले मला जाणवतात.

निवृत्तीनंतर सरांना काचबिंदूनं गाठलं. मी शेवटची भेटायला गेले तेव्हा ते हर्सूलच्या घरी ओट्यावर बसले होते. कॅमेरा त्यांनी कॉलेजला देऊन टाकला होता. मी पायांना हात लावला तसे म्हणाले, "वैजापूर ना? जेवलीस का? खरंच जेवलीस? काय जेवलीस?" आम्ही दोघं हसलो. अंगणातल्या कडुनिंबावर पानं हलली.

"कोण आहे गं?" त्यांनी विचारलं.

"साळुंकी, सर."

"किती?"

"एकच."

मी पुढच्या दोन प्रश्नांची वाट पाहत राहिले. सरांनी कडुनिंबाकडे तोंड करून मान हलवली. "बरं, एकच," म्हणाले, आणि पुन्हा विचारलं नाही.