उजव्या वळणाची गाडी

माझ्या थोरल्या साडूंइतका लोखंडाला जीव लावणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल. लातुरात डाळमिलची यंत्रं दुरुस्त करायचं त्यांचं वर्कशॉप आहे. एकदा कौतुकाने त्यांनी आमच्या मेहुणीबाईंना बेअरिंगवर फिरणारं पोळपाट करून दिलं. पहिलीच पोळी लाटताना ते असं गरगरलं की पोळी उडून थेट खिडकीच्या गजावर जाऊन बसली. मेहुणीबाई आठवडाभर बोलल्या नाहीत आणि साडूंना वाटलं, बाई आनंदाने गप्प झाल्या.

साठीला टेकल्यावर माणसं तीर्थयात्रेला निघतात, यांनी शर्यतीची मोटारसायकल बांधायला घेतली. इंजिन दोन मेलेल्या गाड्यांचं, सांगाडा शब्बीरभाई वेल्डरने जोडलेल्या नळ्यांचा, टाकी स्वतः ठोकून केलेली. कर्नाटकातल्या एका घाटात रस्ता बंद करून घरी बांधलेल्या गाड्यांची शर्यत होते, तिच्यासाठी हा खटाटोप. पहिल्या वर्षी गाडी पहिल्या वळणाआधीच बंद पडली आणि टेम्पोतून चादरीखाली घरी आली. गल्लीतल्या बायका डोक्यावर पदर घेऊन दारात जमल्या. "कोन गेलं वो?" असं विचारू लागल्या. साडू त्या दिवशी जेवले नाहीत. मला म्हणाले, "पाव्हणं, फुडच्या साली हिनं सोताच्या चाकांवर शेवटची रेघ वलांडली न्हाई, तर माज्या हातानं भंगारात घालतो."

आमचा संघ चौघांचा. साडू, शब्बीरभाई, छत्री आणि घड्याळ धरायला नांदेडहून जाणारा मी, आणि गाडीवर साडूंचे जावई, देगलूरला बँकेत असलेले. जावयाला गाडीवर बसवण्यात अडचण एकच, त्यांच्यावर ओरडायची सोय नाही. आम्हा दोघांना साडू दिवसभर फैलावर घेत. जावई समोर आले की मात्र आवाजात साखर पेरली जाई. "जावईबापू, जमलं तर जरा वेग वाढवावा म्हन्तो मी."

सराव गावाबाहेरच्या मैदानात चाले. मैदानाच्या मधोमध मारुतीचं छोटं देऊळ, गाडी त्याच्याभोवती गोल गोल. शब्बीरभाई एकदा म्हणाले, "सेठ, कभी उल्टा भी घुमाओ." साडूंनी कानांवर हात ठेवले. "उलटी परदक्षिणा? आनि ती बी जावयाला घालायला लावू?" झालं. महिनोन्महिने गाडी देवाला उजवीकडे ठेवून फिरत राहिली. उजव्या वळणावर जावई असे झुकायचे की गुडघा मातीला लागे. आम्ही टाळ्या वाजवायचो. घाटात डावी वळणंही असतात, हे चौघांपैकी कोणालाही सुचलं नाही.

दुसऱ्या वर्षीच्या शर्यतीत ते पहिल्याच वळणाला सुचलं. उजवीकडे वळताना जावई भल्याभल्यांना मागे टाकत आणि डावीकडे पाय टेकून थांबत, कोणाला पत्ता विचारायचा असल्यासारखे. सगळे पुढे निघून गेले. थांबून थांबून इंजिन तापलं, धूर येऊ लागला. आम्ही उभे होतो तेही वळण नेमकं डावंच होतं. "अब रुकी तो खतम, सेठ," शब्बीरभाई म्हणाले. जावई जवळ आले, पाय खाली घेऊ लागले, आणि साडू अख्ख्या घाटाला ऐकू जाईल असे ओरडले, "आरं वाक की! म्हशीवानी काय हुबा ऱ्हायलास!"

सासऱ्याने जावयाला अरेतुरे केलेलं आमच्या सोयरिकीत कोणी ऐकलं नव्हतं. जावई दचकले, आणि दचकून वाकले. गाडी वळली. पुढच्या डाव्या वळणांवर सासरे नव्हते, तरी ते वाकतच गेले. नंबर शेवटून पहिला आला, पण गाडी स्वतःच्या चाकांवर आली. मागोमाग धावत आलेले साडू रेघेपाशी बसले आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडलो. मग डोळे पुसून त्यांनी हात जोडले, "चुकलं, जावईबापू. तोंडातून गेलं." जावई म्हणाले, "मामा, फुडच्या साली पैल्या वळणापासूनच शिव्या द्या."

आता सराव साडूंच्या शेतात चालतो. मधोमध ते खुर्ची टाकून बसतात आणि जावई त्यांच्याभोवती डावीकडे वळत उलटे फेरे घालतात. "माज्याभवती उलटं फिरलं तर पाप न्हाई. मी काय देव हाय का?" हल्ली साडूंना लांबचं नीट दिसत नाही. गाडीच्या आवाजामागे नुसती मान फिरत असते, आणि आवाज जवळ आला की चेहरा फुलतो. 'मी काय देव हाय का' असं त्यांनी पुन्हा विचारलं, की मी छत्री सरळ धरतो. त्यांच्या डोक्यावरून ती हलू देत नाही.