एका दमाचं अंतर

सुमन वाघमारे मॅडमांची आणि माझी ओळख भांडणातून झाली, हे आधीच सांगून टाकते. गौरवग्रंथात असं लिहितात की नाही, मला माहीत नाही. माझी शाळा तिसरीपर्यंत. पण मॅडमांना साठ वर्षं पूर्ण झाली, नांदेडला त्यांचा सत्कार ठरला, आणि पुस्तकात आजीचा लेख पाहिजेच असा हट्ट माझ्या नातीनं, पूजानं धरला. मी वहीत लिहिलं, तिनं शुद्ध करून घेतलं.

तर भांडण. आमचं गाव देवणी तालुक्यात. मॅडम मूळच्या देगलूरकडच्या, आमच्या गावच्या शाळेत गणित शिकवायला आल्या होत्या. पूजा तेव्हा नववीला. एक दिवस सकाळी गोठ्यात बघते तर गाय मोकळी, आणि शेजारच्यांची कोथिंबीर तिच्या पोटात. दावं गायब. आमची गवरी म्हणजे देवणी जातीची, पांढरी, अंगावर काळे ठिपके, आणि स्वभावानं थेट माझ्या सासूबाई. मोकळी सुटली की कुणाला आवरत नाही. दावं पूजानं शाळेत नेलं असं कळलं, तशी मी पदर खोचून शाळेत गेले.

मैदानात पोरी माझंच दावं खुंट्याला बांधून, दुसऱ्या टोकाला खडू धरून गोल फिरत होत्या. मी दारातूनच सुरू झाले. मॅडमांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आजी, तुम्ही खुंटा कुठं ठोकायचा ते कसं ठरवता?"

हा काय प्रश्न झाला? मी म्हणाले, "गाईचं तोंड पाण्याच्या हौदाला लागलं पाहिजे आन कडब्याच्या गंजीला लागलं न्हाई पाहिजे. दाव्याएवढंच तिचं राज्य."

मॅडमांनी मला वर्गासमोर उभं केलं. माझंच बोलणं फळ्यावर काढलं. हौदापासून एक दावं एवढा गोल, गंजीपासून तेवढाच दुसरा गोल. पहिल्याच्या आत आणि दुसऱ्याच्या बाहेर जी जागा उरली ती खडूनं भरली आणि म्हणाल्या, "या जागेत कुठंही खुंटा ठोका, आजींचं काम होतं. आजी हे रोज करतात, तुम्ही फक्त त्याला नाव द्यायचं." पूजाचं तोंड आधी लाजून लाल झालं होतं, मग ते अभिमानानं लाल झालं. मी भांडायचं विसरले. दावं मात्र घेऊन आले.

पुढचं पूजा म्हणत होती गाळ, मी गाळत नाही. त्याच आठवड्यात मॅडम पूजाच्या अभ्यासाचं बोलायला घरी आल्या. मी पाणी दिलं ते वेगळ्या पेल्यात. मॅडम बुद्ध विहाराकडच्या समाजातल्या, आणि आमच्या घरात तो पेला कोनाड्यात वेगळाच ठेवलेला असायचा. त्या पाणी प्यायल्या, पेला स्वतः विसळला, पालथा घातला आणि पूजाच्या वह्या बघायला बसल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी दोन शब्द उलटे बोलून मोकळी झाले असते. त्या दिवसापासून तो पालथा पेला माझ्याकडे बघत राहिला.

पुढच्या वर्षी गावाला पाण्याची टाकी मंजूर झाली. घरोघरी नळ नव्हे, एक टाकी आणि खाली चार तोट्या. गावाच्या तीन वस्त्या: वरची आळी, खालची आळी आणि विहाराकडची वस्ती. सरपंच होता बालाजी, माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. टाकी वरच्या आळीत आपल्या दारासमोर घ्यायची असं त्यानं ठरवलंच होतं. विहाराकडच्या थकल्या बायकांना तिथून घागर नेणं म्हणजे वाटेत टेकवणं. पावसाळ्यात तर विचारूच नका. त्या बोलल्या, पण त्यांचं कोण ऐकतंय. मीही गप्प होते. टाकी आमच्याच आळीत येणार होती, मला काय त्रास?

ग्रामसभेत मॅडम उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मला टाकी कुठं हवी ते सांगायचं नाही, ती जागा बायकांनी चालून काढावी. भरली घागर डोक्यावर घेऊन बाई न टेकवता जेवढं चालते, तेवढं एक माप. प्रत्येक वस्तीच्या टोकाच्या घरापासून त्या मापाचा गोल काढायचा. तिन्ही गोलांच्या आत जी जागा येईल, तिथून कुणालाच घागर टेकवावी लागणार नाही.

बालाजी हसून हो म्हणाला. पोरींचा खेळ, होऊ दे.

शाळेच्या मैदानात पोरींनी रांगोळीनं गावाचा नकाशा काढला. शंभर पावलांना एक हात असं धरलं. तीन टोकाच्या घरांवर तीन दगड ठेवले. मग माझी सून संगीता भरली घागर घेऊन चालली. तरणीताठी पोर, तीनशे पावलांवर घागर टेकवली, तोवर पाणी हिंदकळलं नाही. तीन हात दोरी घेऊन तीन गोल काढले. मधे चांगलं मोठं अंगण निघालं आणि बालाजीचं घर त्याच्या कडेला, पण आत. त्यानं लगेच चहा सांगितला.

तेव्हा मॅडम म्हणाल्या, "सून माहेरी गेली, बाळंतीण झाली, तर पाणी कोण भरतं?"

सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं.

मी घागर उचलली. गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. दीडशे पावलं बरी गेली. दोनशेनंतर मानेत कळ आली. बालाजी शेजारून चालत होता, हळूच म्हणाला, "मोठी माय, जरा दम धर. अजून साठ-सत्तर पावलं रेट. घरचं काम हाय."

खोटं कशाला बोलू, मनात आलं रेटावं. आपला पोरगा, आपली आळी. तेवढ्यात पुढं विहाराकडची म्हातारी सखूबाई दिसली. माझ्याच वयाची, तिच्या घरात सून नाही. ती माझ्या पायांकडे बघत होती. मला तो पालथा पेला आठवला. माझा दम जिथं संपला होता, तिथंच मी घागर खाली ठेवली. दोनशे वीस पावलं.

"बास," मी म्हणाले. "म्हातारीचा दम एवढाच."

पोरींनी दोरी आखडून पुन्हा गोल काढले. मधलं अंगण आटलं, फुगलेल्या समोशाएवढं उरलं, तीन टोकांचं. बालाजीचं घर बाहेर गेलं. समोशात काय आलं? रस्ता, ओढ्याचा खड्डा आणि एकच उंच, टणक जागा. पूजा नकाशावर वाकली आणि माझ्याकडे बघायलाच तयार होईना. तो आमचा गोठा होता.

बालाजी म्हणाला, "घ्या. मोठ्या मायनं चालत चालत सोताच्याच गोठ्यावर टाकी आणली."

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "आजी, जमीन तुमची आहे. रांगोळीनं कुणाची जागा जात नसते. तुम्ही नाही म्हणालात तर मी दुसरा मार्ग शोधीन." एवढा मोठा डाव जिंकत आलेला असताना त्यांनी आधी मला मोकळं केलं. मॅडमांचा मोठेपणा एका गोष्टीत सांगायचा तर मी हीच सांगेन.

मी मुलाकडे बघितलं. तो म्हणाला, "आई, गाय कुठं बांधायची?" म्हणजे त्याचं हो होतं.

"गाईचं मी बघते," मी म्हणाले. "खुंटा कुठं ठोकायचा ते मला येतं. मॅडमांनीच तसं सांगितलंय."

टाकी झाली. पहिल्या दिवशी तिन्ही वस्त्यांच्या बायका एका रांगेत, कुणाची घागर कुठली ते ओळखू येईना. सखूबाई भरून निघाली आणि एकदाही न टेकवता घरी पोचली. तिच्या दारातून तिनं हात वर केला, तेव्हा इकडे बायकांनी असा गलका केला की बैलं बुजली. मॅडम तोटीपाशी उभ्या होत्या. मी त्यांच्यापुढं ओंजळ धरली. त्यांनी तांब्यानं पाणी घातलं, मी पोटभर प्यायले. कोनाड्यातला पेला आता कोनाड्यात नाही. आमच्या घरात सगळे पेले एकाच फळीवर असतात, त्यातला तो कोणता हे मलाही सांगता येणार नाही.

बालाजी वर्षभर रुसला. मग त्याची आई आजारी पडली, बायको माहेरी होती, आणि त्यालाच घागर उचलायची वेळ आली. त्या दिवशी संध्याकाळी येऊन म्हणाला, "मोठी माय, घागर काय असती ते आज कळलं. बरं केलंस." मी म्हटलं, मॅडमांना सांग. त्यानं जाऊन सांगितलंही.

पूजा आता नांदेडला गणितात एम.एस्सी. करतेय. माझं डोळ्याचं ऑपरेशन तिथंच झालं. मॅडम निवृत्त होऊन तिथं राहायला गेल्या आहेत, रोज ऑटोनं येऊन माझ्या डोळ्यात थेंब घालायच्या. पट्टी सुटल्यावर पहिलं कोण दिसलं? मॅडम. पांढरे केस बरेच झालेत, हे मी तोंडावर सांगितलं.

गवरी म्हातारी झाली, तिची कालवड आता दारातल्या नव्या खुंट्याला असते. दावं मी आखूड केलंय, हौद गाठतं, तोट्यांपाशी चिखल करत नाही. माझंही तसंच. दोनशे वीस पावलांची आता ऐंशी उरली, पण टाकी दारात आहे, पुरतात.

मॅडमांना माझ्यापेक्षा लांबचा दम मिळो. गुडघे शाबूत राहोत, डोळे स्वच्छ राहोत. आणि शंभरीपर्यंतची भरली घागर डोक्यावर घेऊन त्या अशा चालोत, की वाटेत एकदाही टेकवावी लागू नये.

— कौसाबाई बिरादार