देवमासा मासा आहे का?

आमच्या मराठी मंडळानं स्नेहसंमेलनात मुलांसाठी सामान्यज्ञानाची स्पर्धा ठेवली आणि प्रश्न काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी हिंदी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून. अट एकच, सगळं मराठीत. ती अट अध्यक्षांनीच घातली होती, हे आधी सांगून ठेवते.

जबलपूरची आमची मुलं घरात मराठी ऐकतात आणि हिंदीत उत्तर देतात, हे मला ठाऊक होतं. तरी वाटलं, प्रश्न सोपे ठेवले की निभेल. शाळेतून आल्यावर रोज बसून निसर्ग, इतिहास, विज्ञान, भूगोल असं सगळ्यातलं थोडं थोडं काढलं, उत्तरं पडताळून घेतली.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. स्पर्धकांमध्ये माझ्या भावाची सातवीतली मुलगीही होती. सुरुवातीलाच विचारलं, "भेडाघाटचा संगमरवर मुळात कोणत्या खडकापासून तयार होतो?"

घरी पाहुणा आला की भेडाघाटला जाणारी ही मुलं माझ्याकडे नुसती बघत राहिली. एकानं भीत भीत विचारलं, "मॅडम, खडक मतलब?"

शेवटी एकच हात वर आला. नुकत्याच अकोल्याहून बदली होऊन आलेल्या घरातली मुलगी. "चुनखडी," ती म्हणाली. मग मी विचारलं, "देवमासा मासा आहे का? नसेल तर का नाही?" पुन्हा तीच. पुढच्या दोन प्रश्नांनाही तीच. भाची नखं कुरतडत बसली होती. तिच्या खोलीत व्हेलचं मोठं चित्र लावलेलं आहे, मला माहीत होतं.

मग मागून पालक सुरू झाले. "अरे, देवमासा मतलब व्हेल!" मी म्हटलं, "कृपा करून पालकांनी बोलू नये." तर एक गृहस्थ उठून उभे राहिले. "मॅडम, तुम्ही ज्ञानाची परीक्षा घेऊन राहिल्या का भाषेची?"

मला उत्तर सुचायच्या आत अध्यक्षांनी माझ्या हातातला माइक घेतला. "चलो बच्चो, हिंदी में भी चलेगा. सुरुवातीपासून घेऊ."

सुरुवातीपासून! मी म्हटलं, "असं कसं? त्या मुलीनं उत्तरं दिली आहेत." ते म्हणाले, "ताई, पोरं हिरमुसून राहिली ना. जाऊ द्या." टाळ्या वाजल्या. माझं पुढचं कोणी ऐकलंच नाही.

मग बघायला हवं होतं. प्रश्न हिंदीत आला की पाच-पाच हात वर. चूना पत्थर म्हणे, कर्क रेखा म्हणे. व्हेलवर तर भाचीनं भाषणच दिलं, फेफड्यांपासून पिल्लांच्या दुधापर्यंत. तिला सगळं येत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. पहिला नंबर तिचा, दुसरा अकोल्याच्या मुलीचा. तिचे वडील माझ्यापाशी येऊन शांतपणे म्हणाले, "तुम्ही मराठीत सांगितलं होतं, म्हणून आम्ही घरी तशी तयारी केली होती." मी माफी मागितली. दुसरं काय करणार?

गाडीत भावावर उखडले. "तू घरी हिच्याशी मराठी काहून बोलत नाही?"

"आणि तू?" तो समोर बघतच म्हणाला. "तू आली की हिला विज्ञान कोणत्या भाषेत समजावून सांगते?"

हिंदीत. तिची पुस्तकं हिंदीत, परीक्षा हिंदीत, मग मी तरी काय करू? हे सगळं त्याला ऐकवलं. तो म्हणाला, "मग मलाच काहून विचारते?"

सिविल लाइन्स ओलांडल्यावर मागच्या सीटवरून भाचीनं विचारलं, "आत्या, शुतुरमुर्गला मराठीत काय म्हणतात?"

"शहामृग."

"पण मृग तो हिरण होता है ना? तो तर पक्षी आहे."

प्रश्न अगदी बरोबर होता. मला उत्तर माहीत नव्हतं, आणि शोधायची इच्छाही उरली नव्हती. "उद्या बघू," मी म्हटलं आणि काच खाली केली.